खालच्या मजल्यावरचा वायरलेस

वरचा मजला
ता. ११ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. मागचं पत्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल होतं, त्याला पाच महिने झाले. या खेपेला टाकी नाही, आमच्या घारीचं काम आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

तुझ्या या पुतणीने तुझ्या पुस्तकबांधणीच्या कामात शेजारी बसून खळ करायला, फाटलेली पानं जोडायला शिकून घेतलं, ते आता तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. एका मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याचं दोन वर्षांचं शिक्षण देतात. जागा फक्त चार. तिचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. चौदा मार्चला सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे, ती घरबसल्या, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. स्वतः जोडलेलं पान तिने तिकडच्या लोकांना धरून दाखवायचं. तोवर दर आठवड्याला ते अभ्यास पाठवणार. लॅपटॉप मी घेतला, जुनाच आहे पण चालतो. इंटरनेट नाही.

टेलिफोनच्या ऑफिसात तीन हेलपाटे घातले. गल्लीतल्या लाइनी भरल्यात, नवीन जोडणी आठ महिन्यांनी, असं खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला. तुझ्याकडे बाबांच्या नावचा फोन आहे, त्यावर इंटरनेटही आहे. त्याला एक डबा जोडला की ते बिनतारी वर येतं. भिंत फोडायला नको, जिन्यावरची तुझी फळीही काढायला नको.

हे फोनवरच विचारणार होतो. तीनदा लावला. तू उचलतोस, दोनदा हॅलो म्हणतोस आणि ठेवून देतोस. माझा आवाज इतका नकोसा झाला असेल तर राहिलं. हो की नाही तेवढं घारीच्या हाती कळव.

लोभाचं लिहीत नाही, सवय मोडली आहे.

तुझा
बारक्या


खालचा मजला
ता. १३ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. त्रेपन्नावं लागलं तरी तुझं अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे.

हो. घारीसाठी हो. तुझ्यासाठी असतं तर आठ दिवस विचार केला असता आणि मग नाही म्हटलं असतं.

फळीचं नाव काढलंसच, म्हणून लिहितो. बाबा गेल्यावर आठव्या दिवशी मी त्यांचं टेबल, मीटर आणि अवजारं विकली. तू तेव्हा परगावी होतास. परत आलास आणि चार पाहुण्यांच्या देखत मला भंगारवाला म्हणालास. मी आतल्या जिन्याच्या तोंडाला फळी ठोकली, तू बाहेरून लोखंडी जिना बसवून घेतलास. सात वर्षं झाली. फळी चांगल्या लाकडाची आहे, अजून वीस वर्षं जाईल.

बाबा जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त करत राहिले आणि रेडिओला वायरलेस म्हणत राहिले. तेव्हा या घराला वायरलेस काही नवा नाही. डबा आण. कुठे ठेवायचा, कुठली वायर कुठे लावायची, सगळं लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर बोलणं मला जमत नाही, हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. कागदावर असेल ते मी नीट वाचतो.

तुझी वहिनी म्हणते, सकाळी सातला वर खुर्च्या ओढल्याचा आवाज होतो, पायांना रबर लावून घ्या. मला काही वाटत नाही, तिला त्रास होतो.

घारीला सांग, खळ संपत आलीय आणि तिची वाट बघतोय. खळ वाट बघतेय, मी नाही.

मोठा आहे म्हणून आशीर्वाद देणं भाग आहे, ते दिले.

दादा


वरचा मजला
ता. २२ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घारीबरोबर डबा पाठवतोय. आमच्या श्रवणयंत्रांच्या दुकानाला लागून एक कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याकडून आणला. याला राउटर म्हणतात. मी दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानातली यंत्रं उघडतो, त्या मानाने हा फारच सोपा गडी आहे. घाबरू नकोस.

टेलिफोनवाल्याने तुला जो काळा डबा दिलाय, त्याच्यातून निघणारी वायर तुझ्या कॉम्प्युटरला जाते. ती काढून या नव्या डब्याच्या निळ्या भोकात घाल. बरोबर जी पिवळी वायर आहे ती नव्या डब्यातून तुझ्या कॉम्प्युटरला. म्हणजे तुझंही चालू राहील आणि वरही येईल. मग वीज. चार हिरवे दिवे लागले की झालं. पासवर्ड वगैरे घारी बघेल.

डबा उंचावर ठेव. बाबांच्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवलास तर उत्तम, त्याच्या बरोबर वर घारीची खोली येते. आणि कृपा करून खळीचे हात लावू नकोस.

रबर आणलंय. वहिनीला सांग.

लोभ कुठे शिल्लक असला तर डब्याबरोबर वर पाठव.

बारक्या


खालचा मजला
ता. २८ जानेवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद. वि. वि.

झालं एकदाचं. तू लिहिलंस फारच सोपं, आणि आम्हाला दोन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी मी निळ्या भोकात पिवळी वायर घातली, कारण तुझ्या अक्षरात निळं आणि पिवळं सारखंच दिसतं.

घारीने तो लोखंडी जिना नऊ वेळा चढून उतरून काढला. खाली वायर हलवायची, वर लॅपटॉपवर बघायचं, परत खाली. मग तिने ठरवलं, मी वरून फळीवर टकटक करीन. मी म्हटलं, टकटक नको, दुसरं काहीतरी काढ. तर कार्टीने फळीच्या फटीतून पुस्तकं शिवायचा दोरा खाली सोडला. एक ओढ म्हणजे आलं, दोन म्हणजे गेलं. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून मी बासष्टाव्या वर्षी जिन्याखाली बसून होतो. वहिनी हसून हसून बेजार. साडेचारला एक ओढ आली, आणि मग पुन्हा एक, आणि मग ती ओढतच सुटली.

डबा कपाटाच्या डोक्यावर आहे. माझ्या हाताला ते रुचत नव्हतं. बाबांची शिस्त तुला आठवत असेल, दुरुस्त झालेला रेडिओ कपाटात, कुलूप लावून किल्ली खिशात. गिऱ्हाईक येईपर्यंत कोणाचा हात लागता कामा नये. मीही बांधून झालेलं पुस्तक आजवर तिथेच ठेवत आलो. चालू वस्तू अशी उघड्यावर ठेवणं मला नागवं वाटतं. पण तू लिहिलंस म्हणून ठेवलं.

दोरा असू दे म्हटलंय मी घारीला. काही बिघडलं तर ओढेल.

आशीर्वाद आहेतच, तू घेतोस की नाही ते तुझं तू बघ.

दादा


वरचा मजला
ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज विशेष काम नाही. सात वर्षांत काम नसताना लिहिलेलं हे पहिलंच पत्र असावं.

काल संध्याकाळी घारीने आम्हा दोघांना तिच्या खोलीत बोलावलं. लॅपटॉपमध्ये त्या ग्रंथालयातल्या बाई दिसत होत्या, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. घारीने पान उजेडासमोर धरलं. त्या म्हणाल्या, जोड कुठे आहे तो दाखव. घारी म्हणाली, हा काय इथेच आहे. त्यांना दिसेना. मग त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. तिने सांगितलं, माझ्या काकाने, तो खालच्या मजल्यावर राहतो. तिची आई पदर डोळ्याला लावून आत गेली. मी तिथेच उभा राहिलो.

लिहायला जड जातं, पण लिहितो. बाबांचा हात तुझ्याकडे आलाय. मी त्यांच्याजवळ बसून रेडिओच्या तारांना डाख द्यायला शिकलो, म्हणून इतकी वर्षं समजत होतो की त्यांचा वारस मी. तसं नाही. वस्तू समोर आली की तिला न दुखवता उघडायची, हे त्यांचं होतं आणि ते तुझं आहे. तू आता बसतोसही त्यांच्यासारखा, मान डावीकडे कलती करून. मी गल्लीतून जाताना बघतो कधीकधी.

मुलाखत झाली की बघू. फळीबद्दलही बघू.

लोभ वाढत असला तर वाढू दे, मी आड येत नाही.

तुझा
बारक्या


वरचा मजला
ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत आहे, म्हणून सरळ लिहितो. गुरुवारी इंटरनेट पाऊण तास गेलं. काल पुन्हा गेलं, घारी त्या बाईंशी बोलत असताना मध्येच. चौकशी केली तर म्हणे झाडलोट करणाऱ्या मावशींचं फडकं वायरीत अडकलं आणि वायर निघाली. दोनदा. आणि दोन्ही वेळा तू तिथेच समोर पुस्तक शिवत बसला होतास. वायर पडली, डबा आदळला, तुझं लक्षच नव्हतं.

मुलाखतीला पाच दिवस राहिलेत. पोरीला रात्रीची झोप नाही. चौदा तारखेला असं काही झालं तर तिचं वर्षच नाही, सगळंच जाईल, कारण पुढची निवड दोन वर्षांनी आहे आणि तेव्हा तिचं वय बसत नाही. त्या दिवशी त्या डब्याला कोणाचाही हात लागता कामा नये. मावशींचा नाही, गिऱ्हाइकाचा नाही, वहिनीचा नाही. ही जबाबदारी तुझी. एवढं एक तरी काम नीट कर.

जिन्यातला तो दोरा मी काढून टाकला. फटीतून मुंग्या येतात, आणि घर आहे, पोरखेळ नव्हे.

लोभाचं चौदा तारखेनंतर.

बारक्या


खालचा मजला
ता. १० मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

कोणाचा हात लागणार नाही. ते माझ्याकडे लागलं. मावशींना त्या दिवशी सुट्टी दिलीय, दाराला कडी घालतो आणि बाहेर बारानंतर या अशी पाटी लावतो. वहिनीलाही घराबाहेर पाठवतो.

दोरा काढायला नको होता.

घारीला म्हणावं, मी इथे डब्यापाशी बसलेला आहे.

आशीर्वाद या खेपेला तिच्यासाठी. तुला पुढच्या पत्रात.

दादा


वरचा मजला
ता. १४ मार्च

श्री. बुकबाइंडर,
खालचा मजला यांस,

नमस्कार कोणाला करायचा हे कळत नाही, म्हणून करत नाही.

साडेदहाला सगळं चालू होतं. पावणेअकराला चालू होतं. अकराला दहा मिनिटं असताना गेलं. सबंध दीड महिन्यात मावशींचं फडकं सोडलं तर एकदाही गेलं नाही ते बरोबर अकराला दहा कमी असताना गेलं. घारीने तीनदा लॅपटॉप बंद करून चालू केला. मी तुला फोन लावला. तुझ्या खोलीत वाजणारी घंटा आम्हाला वर जमिनीतून ऐकू येत होती, आणि तुला दोन हातांवर ऐकू आली नाही? घारी अनवाणी जिना उतरून गेली. तुझं दार तिने बडवलं, तळहात लाल होईपर्यंत. आत दिवा जळत होता. तू आत होतास. कडी लावून, घंटा ऐकत, दार ऐकत बसला होतास.

तिकडच्या लोकांनी वीस मिनिटं वाट बघितली आणि पुढच्या मुलीला घेतलं. संध्याकाळी त्यांच्याकडून कळलं, यादी बंद झाली.

बारा वाजता तू दार उघडलंस आणि पायरीवर बसलेल्या माझ्या मुलीला हसत विचारलंस, कशी झाली मुलाखत. हसत.

मला वाटलं होतं सात वर्षांत तुझा राग निवला असेल. तू तो जपून ठेवला होतास. आधी बाबांची अवजारं भंगारात घातलीस, आता माझी मुलगी. तुला स्वतःचं मूल नाही, म्हणून दुसऱ्याचं मूल वर चढलेलं तुला बघवत नाही. हे सगळे म्हणायचे, मीच त्यांना गप्प करायचो. आता नाही करणार.

यापुढे पत्र नको. डबा काढून गल्लीत फेकून दे. लोभ वगैरे शब्द मी या कागदावर लिहिणार नाही.

(सही करण्याची इच्छा नाही)


खालचा मजला
ता. १७ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तुम्ही दोघेच लिहिता. आज मी लिहिते, कारण हे काही लिहीत नाहीत. तीन दिवस झाले, शिवायला घेतलेलं पुस्तक समोर तसंच पडलंय.

तुम्हीच लिहिलंत ना, कोणाचा हात लागता कामा नये. त्या दिवशी मला यांनी दहालाच घराबाहेर काढलं, घरात हालचाल नको म्हणून. मी दुपारपर्यंत बागेतल्या बाकावर बसले होते. मावशींना सुट्टी. तरी यांच्या जिवाला चैन पडेना. पावणेअकराला यांना वाटलं, वरून उंदीर गेला, चुकून आपलाच धक्का लागला, तर काय घ्या. म्हणून यांनी तो डबा अलगद उचलला, चालू असतानाच, आणि बाबांच्या कपाटात ठेवला. दाराच्या खालच्या कडेला बाबांनी वायरींसाठी कापलेली खाच आहे, त्यातून वायरी बाहेर घेतल्या. चारही दिवे जळताहेत हे बघितलं. दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात. आणि दाराकडे पाठ करून कपाटासमोर खुर्ची टाकून बसले, सव्वा तास. राखण करत.

परवा मी टेलिफोनवाल्याला बोलावलं. त्याने कपाट उघडायला लावलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, बाई, लोखंडात कोंडल्यावर त्या लहरी बाहेर कशा येणार. वायरीवर चालेल, दिवे जळतील, पण बिनतारी काही जायचं नाही. हे त्याच्या ओठांकडे बघत होते. मग आतल्या खोलीत गेले.

ओठांकडे का, ते सांगते. यांना ऐकू येत नाही भाऊजी. चार वर्षं झाली. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्याला कानाशी ओरडलं तरच. घारीला ठाऊक आहे, यांनी तिला गळ्याची शपथ घातली होती. मी म्हणायचे, भाऊजी रोज दहा लोकांना यंत्र बसवतात, एकदा दुकानात जा. तर म्हणायचे, त्याच्या दारात गिऱ्हाईक म्हणून जाणार नाही, त्याने वर यायला सांगितलं तर जाईन. तुम्ही फोन करायचात तेव्हा हॅलो म्हणून ठेवायचे ते यामुळे. तुमची पत्रं मात्र दोन-दोनदा वाचायचे.

मूल नसल्याचं तुम्ही लिहिलंत. ते यांच्या एकट्याचं नाही, माझंही आहे. यांनी ते पत्र माझ्यापासून लपवलं होतं, मला गादीखाली सापडलं. माझ्या मनात काय आलं ते मी लिहीत नाही.

लोभ ठेवा असं मी म्हटलं असतं. पण ते आता तुमच्या भावाच्या हातात आहे, माझ्या नाही.

वहिनी


ता. १ एप्रिल

ती. बाबा आणि ती. काका,
सा. न.

एकच पत्र दोघांना लिहितेय. बाबांनी वाचून काकाला खाली नेऊन द्यावं. हाताने, समोर उभं राहून. काकूच्या हाती नाही आणि मावशींच्या हाती नाही.

नोकरी लागली म्हणून गेले असं आईला सांगितलंय. ते खरं आहे. हा मोठा छापखाना आहे. इथे पुस्तकं शिवत नाहीत काका, मशीन मागच्या बाजूला गरम गोंद ओतते आणि एका तासात चारशे पुस्तकं बाहेर येतात. माझं काम ती मोजायचं. दोन वाचनांत ती उसवतात, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा, त्या दिवशी मी खोलीत रडत होते तेव्हा तुम्ही दारावर येऊन एकदा विचारलं असतं, तर मी शपथ मोडून सांगितलं असतं की काकाला ऐकूच येत नाही, दार बडवून उपयोग नव्हता, काकू घरात असेल या आशेवर मी बडवत होते. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही पत्र लिहायला बसलात. बाहेरून पेनाचा आवाज येत होता.

काका, तू मला शपथ घातलीस आणि मी ती पाळली. चूक केली. तुझ्या मानासाठी माझी मुलाखत गेली, हे मला तुझ्यापाशी बोलायचं होतं, पण ते कानाशी ओरडून कसं बोलायचं.

आणि तो दोरा असता तर मी दोनदा ओढला असता. तेवढंच लागत होतं. एक हात दोरा.

मी दोघांपैकी कोणाच्याही मजल्यावर आता येणार नाही. तुम्ही एका घरात एका खोलीत बसलेले दिसलात तर येईन.

लोभ माझ्यावर तुम्हा दोघांचाही होता, त्याबद्दल तक्रार नाही. तो नको तितका होता आणि नको त्या वाटेने यायचा.

घारी


वरचा मजला
ता. ६ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घारीचं पत्र सोबत आहे. तिने हाताने द्यायला सांगितलं होतं. मी आलो होतो. काल चार वाजता लोखंडी जिना उतरून तुझ्या दाराशी उभा राहिलो, सात वर्षांत पहिल्यांदा. दार वाजवलं. वहिनी घरात नसावी. पंधरा मिनिटं वाजवत होतो. मग लक्षात आलं की मी घारीसारखाच वाजवतोय आणि घारीसारखंच कोणाला ऐकू येत नाहीये. गल्लीतले लोक बघायला लागले, तेव्हा परत आलो.

वहिनीचं पत्र आल्यापासून एकच गोष्ट डोळ्यासमोर आहे. मी चार वर्षांचा असेन. बाबांनी चालू ट्रान्झिस्टर त्या कपाटात ठेवला आणि दार लावलं. गाणं गेलं. मी रडायला लागलो, आतला माणूस मेला म्हणून. तू दार उघडलंस आणि गाणं परत आलं. बंद केलंस, गेलं. उघडलंस, आलं. मी हसेपर्यंत तू ते करत राहिलास. तू विसरला असशील, तुला कधी रेडिओत रस नव्हता. पण मी विसरायला नको होतं. मला कपाटातला डबा नुसता दिसला असता तरी एका क्षणात कळलं असतं. अकरा पायऱ्यांचं अंतर होतं. घारीला धावायला लावलं, मी वर फोन कानाला लावून उभा राहिलो.

आणि माझा भाऊ बहिरा झाला हे मला कळलं नाही. मी रोज लोकांना विचारतो, घरचे हाक मारतात तेव्हा ओ देता का. घरच्यांनी हाक मारावी लागते आधी.

ते चौदा तारखेचं पत्र जाळून टाक. जे लिहिलं ते मला वाटत नव्हतं. की वाटत होतं, तेही कळत नाही. जाळून टाक. तुझ्यासाठी यंत्र तयार केलंय, ते घारीच्या पत्राबरोबर वहिनीकडे देतोय. उजव्या कानाचं आहे. बसव, आणि मग मी येतो आणि जे काय बोलायचं ते तोंडाने बोलतो. फळी मी वरून काढू का ते कळव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
बारक्या


खालचा मजला
ता. ९ एप्रिल

चि. बारक्यास,

तू पाच तारखेला आलास तेव्हा मी घरातच होतो. घंटा, टकटक मला ऐकू येत नाही, पण दिसतं. दाराखालच्या फटीतून तुझ्या चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय. पंधरा मिनिटं मी त्या बघत बसलो. उठलो नाही.

यंत्र परत पाठवतोय. चांगलं असणार, तू केलंयस. पण तुझं ते वाक्य मी ऐकलं नव्हतं, वाचलं होतं.

अवजारं विकली ते माझं चुकलं. त्यांच्या टेबलावरून जाताना मला श्वास घेता येत नव्हता, म्हणून विकली. तुला विचारायला हवं होतं. हे सात वर्षांपूर्वी लिहायला पाहिजे होतं. कपाटाचंही माझंच चुकलं. घारीला मी तसं लिहिलं आहे, तिचं उत्तर नाही.

जाळायचं म्हणशील, तर ऐक. तुझी सगळी पत्रं मी ठेवली आहेत. टाकीची, गटाराची, सगळी. सुटे कागद दोन-दोन जोडून, मधोमध पट्टी चिकटवून मी घडी करतो आणि मग शिवतो. पहिल्या कागदाला शेवटचा कागद, अशी जोडी लागते. फेब्रुवारीत तुझं ते बाबांच्या हाताचं पत्र आलं, तेव्हा नवी घडी त्याच्यापासून सुरू केली होती. चौदा मार्चचं त्या घडीत शेवटी बसलं. तू यापुढे पत्र नको म्हणालास, म्हणून मी ते पंधरा तारखेला शिवून टाकलं. गादीखाली वहिनीला मिळालं ते अख्खं पुस्तकच.

आता ते एक पान काढायचं तर त्याच्या जोडीचंही सुटतं. आमच्या धंद्यात याला इलाज नाही. तीन फेब्रुवारीचं ठेवायचं तर चौदा मार्चचंही ठेवावं लागतं. ठेवलं आहे. दोन्ही वाचतो.

फळी राहू दे.

डबा कपाटाच्या डोक्यावर आहे, उघड्यावर. पासवर्ड तोच. वर कोणी वापरत नाही, तरी मी बंद केलेला नाही. चारही दिवे चालू असतात.

लोभ होता.

दादा